ओल अडकवण्याचं काम

रविवार, २६ एप्रिल १९९८. सकाळचे नऊ. तंजावूर, आमच्या घरामागचं अंगण.

हजर: मी, माझा थोरला भाऊ (दहा मिनिटं, नंतर पेपर घेऊन पसार), वहिनी, त्यांची मुलगी, म्हणजे माझी भाची, वय बावीस, आणि काकू, म्हणजे वडिलांच्या धाकट्या भावाची बायको, जिच्या परवानगीशिवाय आमच्या घरात कुणाच्या डोक्यावर तेलाचा थेंब पडत नसे.

विषय: भाचीचे केस.

वहीत मी तेव्हा एवढंच लिहिलं होतं. बाकीचं आता लिहिते.

आमच्या घराण्याचे केस कुरळे आहेत. कपाळावर एखादी नाजूक बट येते तसे नव्हेत. मांजराने दोऱ्याचं रीळ तासभर खेळून टाकून द्यावं तसे. वडिलांचे होते, माझे आहेत, भावाचे होते. आता त्याच्याकडे फक्त आठवण आहे. या केसांवर तीन पिढ्यांचा उपाय एकच होता: तिळाचं तेल मुळापर्यंत जिरवायचं आणि डोळे वर ओढले जातील इतकी घट्ट वेणी घालायची. शाळेच्या जुन्या फोटोंत आम्ही सगळ्याजणी जरा दचकल्यासारख्या दिसतो, त्याचं कारण हे.

भाचीला मद्रासच्या एका नव्या हॉटेलात रिसेप्शनवर नोकरी मिळाली होती. त्या वर्षांत अशी हॉटेलं भराभर उभी राहत होती आणि त्यांना चांगलं इंग्रजी बोलणाऱ्या मुली हव्या असत. मुलाखतीत हिचं सगळं पसंत पडलं, केस सोडून. तिथल्या प्रशिक्षणाच्या बाईंनी वेणीकडे बघून सांगितलं की तेल चालणार नाही, गणवेशाच्या कॉलरला डाग पडतात आणि एसीत वास साचतो. बिनतेलाचे केस नीट बसवता आले तर ठीक, नाहीतर खांद्यापर्यंत कापून ये. अठरा मेला हजर हो, तेव्हा बघू.

खांद्यापर्यंत म्हणणाऱ्याला आमचे केस माहीत नसतात. खांद्यापर्यंत कापले की ते कानापर्यंत येतात, कारण कापल्यावर त्यांच्यावरचं वजन जातं आणि ते उडी मारून वर बसतात. भाची सातवीत असताना उवा झाल्या म्हणून वहिनीने असे कापून घेतले होते. पुढची चार वर्षं शाळेत तिला कणसाचं बुजगावणं म्हणत. मुलाखतीहून आल्यावर तिने पर्स ठेवली आणि जाहीर केलं, "नोकरी पाहिजे. केसही पाहिजेत. दोन्हीपैकी एक निवडायला मला कुणी सांगायचं नाही."

"कुणी सांगितलं गे?" काकू म्हणाल्या. "आम्ही तर अजून तोंडही उघडलं नाही."

"उघडणार होतात."

तर प्रश्न असा होता. मुदत तीन आठवडे. मी तेव्हा मुलींच्या शाळेच्या कचेरीत होते. हजेरीपटापासून फिनेलपर्यंत सगळं माझ्या अखत्यारीत. एप्रिलअखेर शाळेला सुट्टी लागलेली, त्यामुळे केसांचं प्रकरणही साहजिकच माझ्याकडे आलं.

उपाय भाचीनेच आणला होता. तिरुच्चीच्या एका दुकानात काचेमागे मिळालेली, बोटाएवढी बाटली. पाच वर्षांपूर्वी असली वस्तू सिंगापूरहून कुणी येणार असेल तरच मिळायची, तीही घरातल्या सगळ्यात मोठ्या सुनेला. आता ती उघड विकायला होती. आत पाण्यासारखं पारदर्शक काहीतरी, बोटाला लावलं तर तेलाहून गुळगुळीत, पण तेलकट नाही. दुकानदाराने सांगितलं होतं की हे केसावर पातळ आवरण धरतं, आतली ओल बाहेर जाऊ देत नाही आणि केस पिंजारत नाहीत. सोबत घडी घातलेला कागद होता. माशीच्या पायाएवढी अक्षरं. तो मी चष्म्याच्या डबीत नीट ठेवून दिला. नीट ठेवणं आणि वाचणं ही दोन वेगळी कामं आहेत हे मला त्या आठवड्यात कळलं.

मी पायऱ्या लिहून काढल्या. शिकेकाईने न्हाणं. पंच्याने पुसणं. केस वाळवणं. बाटलीतलं लावणं. फणी. पाहणी.

पहिलीच हरकत काकूंची. "रविवारी बाईमाणसाने डोक्यावरून न्हायचं? शुक्रवार कुठे गेला?"

"शुक्रवारी तेल लावून न्हातात, काकू. हिला तेल लावायचं नाही."

काकूंनी यावर जरा विचार केला. "मग ते न्हाणंच नव्हे," त्यांनी निकाल दिला. "नुसतं भिजणं. भिजायला वार लागत नाही."

न्हाणं (किंवा भिजणं) पार पडलं. मग वाळवणं. आमच्याकडे बाईचे केस नुसते उन्हात वाळत नाहीत. धुपाटण्यात निखारे घ्यायचे, त्यावर सांब्राणी, म्हणजे लोबान, टाकायची, वर वेताची टोपली पालथी घालायची आणि टोपलीवर केस पसरून तासभर पडून राहायचं. धूर मुळांपर्यंत पोचतो, केस खडखडीत होतात, सर्दी होत नाही. ओल्या केसांना काहीही लावायचं नाही, ओले केस बांधायचे नाहीत, ओल्या केसांनी उंबऱ्यात उभं राहायचं नाही. हे मी लिहिलंही नव्हतं, कारण असल्या गोष्टी लिहीत नाहीत. माझ्या यादीत "वाळवणं" तिसरं आणि "लावणं" चौथं आलं ते विचार करून नव्हे. दुसरा काही क्रम असू शकतो हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

भाची टोपलीवर केस पसरून झोपली. काकूंनी तीनदा सांब्राणी टाकली. परदेशी वस्तू लावायची तर केस आधी शुद्ध असावेत, असं त्यांचं म्हणणं. धूर एवढा झाला की शेजारच्या बाईंनी कुंपणावरून विचारलं, कुणाकडे पूजा आहे का.

मग वहिनीने बाटली घेतली. दुकानदाराने दोन-तीन थेंब सांगितले होते. पण वहिनीचा हात तेलाचा. वीस वर्षं तिने मुलीच्या डोक्यावर तळहात भरभरून तेल ओतलेलं. तिने बाटली उपडी केली, तळहात भरला आणि टाळूवर थापला.

"वहिनी! थेंब!"

"थेंबाने काय होणार? एवढे केस आहेत."

अर्धी बाटली गेली.

पहिला तासभर आम्ही सगळे खूश होतो. केसांना काय तेज आलं! भाऊ पेपरमधून डोकं काढून "वा" म्हणाला आणि परत आत गेला. मी वहीत "यशस्वी" लिहिलं. ते मी सहसा दुसऱ्या दिवसापर्यंत लिहीत नाही.

दुपारी दोनपर्यंत केस फुलायला लागले. चारपर्यंत केरसुणी झाली होती. पण साधी केरसुणी नव्हे, चकचकीत केरसुणी. प्रत्येक केस वेगळा, ताठ आणि दिव्यासारखा चमकणारा. हात लावला तर वाळलेल्या गवतासारखा आवाज. आणि वास! सांब्राणी एरवी संध्याकाळपर्यंत उडून जाते. ही उडेना. सोमवारी भाची कॉम्प्युटरच्या क्लासला बसने गेली, तर शेजारी बसलेल्या बाईने तिला हात जोडून विचारलं, कुठल्या कोविलहून, म्हणजे देवळातून, आलीस, प्रसाद आहे का.

मंगळवारी शिकेकाईने धुतले. पाणी अळवाच्या पानावरून जावं तसं केसांवरून घरंगळून गेलं. परत धुतले. परत तेच. वास होता तिथेच.

"देवाने धरून ठेवलाय," काकू म्हणाल्या. त्यांना मनातून बरं वाटत होतं.

भाचीला बरं वाटत नव्हतं. मंगळवारी संध्याकाळी ती आरशासमोर बसून कात्री हातात घेऊन नुसती बघत होती. कापणार नव्हती, कात्रीला सराव देत होती. मी पुढे झाले. कात्री घेतली आणि शिवणाच्या डब्यात ठेवली. डबा कपाटात. कपाटाची किल्ली माझ्याकडे.

बुधवारी दुपारी भाऊ जेवायला घरी आला. त्याचं हार्डवेअरचं दुकान. खिळे, कडीकोयंडे, रंग, आणि अलीकडे नव्या बांधकामांमुळे गच्चीला गळतीवर लावायची नाना द्रव्यं. जेवताना मुलगी वाढायला वाकली, तसा त्याने हात थांबवला.

"अजून वास येतोय?"

"चार दिवस," वहिनी म्हणाली. "दोन वेळा धुतले."

"बाटली दाखव."

बाटली आणली. त्याने चष्मा कपाळावर ढकलला, बाटली डोळ्याला लावली आणि मागचं बारीक अक्षर वाचलं. मग हसायला लागला.

"अगं, हे सिलिकॉन आहे. वॉश-बेसिनच्या कडेला भरायला आमच्याकडे ट्यूब येते ना, त्याच कुळातलं."

वहिनीने भाताचं भांडं खाली ठेवलं. "बेसिनचं? माझ्या पोरीच्या डोक्यावर बेसिनचं घातलं मी?"

"त्याच कुळातलं म्हटलं. चुलत भाऊ. ते घट्ट, हे पातळ. हे केसांसाठीच केलेलं आहे, घाबरू नको."

"चुलत भाऊ चांगला निघतोच असं नाही," काकू म्हणाल्या, आणि कुणाकडेही न बघता ताक ओतून घेतलं.

"आता ऐका," भाऊ म्हणाला. दुकानाबाहेर त्याला कुणी 'ऐका' म्हणू देत नाही, म्हणून त्याने ही संधी सोडली नाही. "गच्चीला सील मारताना आम्ही काय करतो? आधी गच्ची कोरडी ठाक. थोडी जरी ओल राहिली तर ती आत अडकते. वर आवरण, बाहेर यायला वाट नाही. मग पोपडे, आणि मालक काठी घेऊन दुकानात."

"आम्हीही तेच केलं," मी म्हटलं. "आधी कोरडं, मग सील."

"गच्चीला ओल नको असते. हिच्या केसांना हवी की नको?"

आमटी निवत होती.

"तुम्ही कोरडेपणा सील केलात," तो म्हणाला. "आता बाहेरचं पाणी आत जात नाही. आतला धूर बाहेर येत नाही. काम एकदम पक्कं झालंय. माझा माणूससुद्धा इतकं पक्कं करत नाही."

"मग करायचं काय, अप्पा?" भाचीने विचारलं.

"ओल अडकवायची असेल तर ओल्यावरच मारा. सोपं आहे."

मी उठले, चष्म्याची डबी उघडली, तो घडीचा कागद काढला आणि भिंग घेऊन वाचला. दुसऱ्याच ओळीत लिहिलं होतं: पाणी टिपून घेतलेल्या, पण ओल्या केसांवर. दोन ते चार थेंब. टाळूला लावू नये.

यादी माझी, चूक माझी. वहीत तशी नोंद आहे. भाऊ मात्र पुढचा आठवडाभर घरात एंजिनिअरसारखा चालत होता.

आधी चढवलेलं उतरवायचं होतं. शिकेकाईने ते निघेना, म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून शांपूच्या पुड्या आणल्या. तिथे त्या तोरणासारख्या टांगलेल्या असत, कात्रीने कापून देत. काकूंच्या हयातीत आमच्या न्हाणीघरात आलेला तो पहिला शांपू.

"पुडीतली अंघोळ," त्या म्हणाल्या. "उद्या पुडीतलं जेवण येईल."

ते पुढे आलंच. पण त्या दिवशी पुड्यांनी काम केलं. दोनदा फेस झाला, पाणी केसांत शिरलं आणि सांब्राणीने घर सोडलं. भाची न्हाणीघरातून ओरडली, "गेला! वास गेला!" काकू माजघरातून म्हणाल्या, "देव गेला म्हण."

आता खरी अडचण. ओल्या केसांना लावायचं, हे काकूंना कोण सांगणार? वहिनीने माझ्याकडे बघितलं. मी भावाकडे. भाऊ दुकानात गेला.

"काकू," मी म्हटलं, "रविवारी परत करून बघू. पण या वेळी केस ओले असताना लावायचं आहे."

"ओल्या डोक्याला."

"हो."

"आणि वाळवायचं केव्हा?"

"आपोआप वाळू द्यायचे. हात न लावता."

काकूंनी निवडत असलेल्या तांदळातून मान वर केली. "डोक्यात पाणी धरेल. मद्रासला जाऊन ती शिंकत बसेल. रिसेप्शनवर शिंकणारी मुलगी कोण ठेवतं? केस राहतील आणि नोकरी जाईल."

हा मुद्दा खोटा म्हणता येईना. भाचीला सर्दी पटकन होत असे. दोन दिवस घरात याच्यावर चर्चा चालली. वहिनी एकदा काकूंच्या बाजूला, एकदा माझ्या. शेवटी तोडगा भाचीनेच काढला.

"काकूआजी, पाणी डोक्यात कुठून शिरतं?"

"टाळूतून. दुसरीकडून कसं शिरेल?"

"आणि कागदात लिहिलंय टाळूला लावू नका. म्हणजे टाळू तुमची. सांब्राणी द्या, पुसा, काय पाहिजे ते करा. कानाच्या खालचे केस आमचे. ते ओले राहतील."

काकूंनी तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदाच कुणी त्यांच्याशी हद्द आखून बोललं होतं, आणि त्यांना ते आवडलं.

"आणि नंतर मिरीचं रसम," त्या म्हणाल्या.

"दोन पेले पिते."

रविवार, ३ मे. त्याच अंगणात, तीच माणसं. या वेळी भाऊ पूर्ण वेळ हजर, तज्ज्ञ म्हणून. भाची पाटावर बसली. काकू मागे स्टुलावर, हातात जुन्या धोतराचा मऊ तुकडा. त्या टाळू पुसत होत्या, फुंकत होत्या, मधूनच धुपाटणं कानाजवळून फिरवत होत्या. खाली ओल्या केसांच्या जटा पाठीवर ठिबकत होत्या. वहिनीने बाटली धरली. मी तिचं मनगट धरलं.

"एक," मी म्हटलं. "दोन. तीन. पुरे."

"अजून एक?"

"चार. बस्स."

तळहातांवर चोळून तिने केसांच्या लांबीवर वरून खाली हात ओढला. केस अजून ओले, त्यामुळे ते आपसूक एकत्र आले. एकेक जट वेगळी झाली आणि वळली. वहिनी वर सरकायला लागली की काकू तिच्या बोटांवर चापट मारत.

"कान आला. माघारी हो."

"अहो काकू, थोडंसं..."

"हद्द म्हणजे हद्द."

मग फणी नाही. मी यादीतून फणी काढली होती. नुसतं बसायचं. दीड तास. चार माणसांनी एका डोक्याकडे बघत, हात न लावता दीड तास बसणं हे मी केलेल्या कठीण कामांपैकी एक. वहिनीला हात मांडीखाली घालून बसावं लागलं.

वाळले. पिंजारले नाहीत. पाठीवर मनगटाएवढ्या जाड वळ्या, एकाखाली एक, ओढणाऱ्या माणसाने दोरखंड सैल सोडावा तशा. हाताला मऊ. वास कसलाच नाही, टाळूपाशी थोडी सांब्राणी, ती काकूंच्या मुलखातली. भाचीने एक बट ओढून सोडली. ती उडी मारून जागेवर गेली. तिने परत ओढली. परत सोडली. असं तिने किती वेळा केलं ते मी मोजलं नाही.

"कुणी हात लावायचा नाही," ती म्हणाली आणि स्वतः लावत राहिली.

काकूंनी केस बघितले, रसम पाजलं आणि म्हणाल्या, "टाळू नीट वाळली म्हणून जमलं."

अंगणात जमणं वेगळं, एसीत टिकणं वेगळं. तंजावूरच्या दमट हवेत केसांना ओल बाहेरूनही मिळते. हॉटेलात कोरडी थंड हवा दिवसभर अंगावर. तपासायला आमच्याकडे एसी नव्हता. भाचीच्या कॉम्प्युटर क्लासला होता, माणसांसाठी नव्हे, कॉम्प्युटरसाठी. मी तिला वहीचं शेवटचं पान आखून दिलं आणि तासातासाला नोंद करायला सांगितलं. तिच्या नोंदी अशा: "नऊ: ठीक. दहा: ठीक. अकरा: सरांनी विचारलं काय लिहितेस. साडेअकरा: टोकं जरा कोरडी. बारा: बाहेर आले, सर हसले." मी टोकांसाठी एक जादा थेंब मंजूर केला.

राहिलं मद्रास. वहिनीची थोरली बहीण तिथे राहत असे. रविवारी तिच्याकडे उतरायचं, सोमवारी सकाळी केस ओले करून, बाटलीतलं लावून, नऊला हॉटेल. सोबत मी. पण तिच्याकडचं पाणी बोअरचं, मचूळ. साबणाला फेस येत नाही, बादलीला पांढरी किनार धरते. त्या पाण्याने केस दगड होतात, असं तिचं स्वतःचं म्हणणं होतं. म्हणून मी आमच्या विहिरीचं गोडं पाणी दहा लिटरच्या कॅनमध्ये भरून घेतलं. बसमध्ये तो कॅन पायांशी धरून आठ तास बसले. कंडक्टरने त्याच्याकडे बघितलं. "तीर्थ आहे," मी म्हटलं, आणि त्याने पुढे विचारलं नाही.

सोमवारी सकाळी सहाला मी उठले तर स्वयंपाकघरातून कॉफीचा सुंदर वास येत होता. वहिनीची बहीण ओट्याशी उभी, चेहरा उजळलेला.

"तुम्ही कावेरीचं पाणी आणलंत!" ती म्हणाली. "सांगितलंही नाहीत! किती वर्षांनी अशी कॉफी उतरली. खालच्या मजल्यावरच्या मामींनाही दिली. समोरच्यांनाही. तुम्ही घ्या ना, अजून आहे."

मे महिन्यात कावेरीत वाळू असते. विहिरीचं पाणी आहे, हे मी सांगितलं नाही. कॅन उचलून बघितला. तळाशी तांब्याभर.

मी कॉफी घेतली. चांगली होती, हे मान्य करायला हवं. मग भाचीला उठवून परिस्थिती सांगितली. तिचा चेहरा पडला. "बोअरच्या पाण्याने न्हाऊ?"

"न्हायचंच कशाला? काल तू निघताना न्हाली आहेस. केस स्वच्छ आहेत. आपल्याला ओल अडकवायची आहे. ओल करायला तांब्या पुरतो."

ओंजळ ओंजळ पाणी घेऊन आम्ही कानाखालचे केस भिजवले. टाळूला थेंब लागू दिला नाही. काकू दोनशे मैलांवर होत्या, तरी त्यांची चापट बसलीच असती. चार थेंब, टोकांना एक जादा. मग ती खिडकीत पंख्याखाली मान तिरकी धरून बसली आणि मी घड्याळ धरून समोर. वहिनीची बहीण दारातून म्हणाली, "पाणी केसांना होतं? अय्यो! मी सगळ्या मजल्याला पाजलं की!"

"पुण्य लागेल," मी म्हटलं.

साडेआठपर्यंत वळ्या बसल्या.

हॉटेलच्या लॉबीत मी एका इतक्या खोल सोफ्यावर बसले होते की उठायला योजना लागली असती. काचेपलीकडे त्या प्रशिक्षणाच्या बाई दिसत होत्या. त्यांनी भाचीला उभं केलं, गोल फिरायला लावलं, कॉलर उलटून बघितली, एक वळी दोन बोटांत धरली. काहीतरी विचारलं. भाचीने मान हलवली. आणखी काही विचारलं. भाचीने पर्समधून बाटली काढून दाखवली. बाई बाटली वाचत बसल्या. मी तोवर मनातल्या मनात परतीची बस, न्हावीण आणि वहिनीला सांगायचं वाक्य, तिन्हींची व्यवस्था केली होती.

भाची बाहेर आली.

"कापायचे नाहीत," ती म्हणाली.

"मग?"

"उद्यापासून अंबाडा. जाळीत. सगळ्यांना तोच नियम आहे."

"अंबाडा? मग हे पाठीवर सोडून दाखवायचं कारण?"

"मुलाखतीच्या दिवशी सांगायला विसरल्या म्हणे."

आम्ही एकमेकींकडे बघितलं. मग ती हसायला लागली, इतकी की दारावरच्या पगडीवाल्याने वळून बघितलं. मलाही हसू आलं, पण मला सोफ्यातून उठायचंही होतं. जाळीतला असला तरी अंबाडा तिच्या स्वतःच्या केसांचा होता, कमरेपर्यंतचा, अखंड. तेल नसल्याने एसीत तो पिंजारू नये म्हणून बाटली लागणारच होती. तीन आठवडे फुकट गेले, असं वहीत लिहिता येणार नाही.

जुलैत तिचा एसटीडी बूथवरून फोन आला. हॉस्टेलवर तिच्या खोलीत तिरुनेल्वेलीची एक मुलगी होती, केस हिच्यासारखेच, आणि तिला पुढच्या महिन्यात हजर व्हायचं होतं. "आत्या, तुझा पायऱ्यांचा कागद पाठव. क्रम नीट लिहून. शांपूने उतरवायचं कधी, तेही."

कागद तयारच होता. पण माझी वही देवनागरीत. भाची घरात मराठी बोलते, वाचत नाही. तिची मैत्रीण तर दोन्ही करत नाही. म्हणून तमिळमध्ये नव्याने उतरवायला बसले. एका संध्याकाळचं काम.

वहिनी म्हणाली, चार थेंब लिहू नकोस, पाच लिही, त्या मुलीचे केस कदाचित जास्त असतील. काकू म्हणाल्या, टाळूचा भाग त्या स्वतः सांगतील. आणि सांगताना मिरीचं रसम किती मिरीचं, वार कोणता, पौर्णिमेला करावं का नाही, असं सगळं आलं. भावाला सुरुवातीला ओल आणि सील यांचं एक लहान प्रकरण हवं होतं, गच्चीच्या आकृतीसकट. मी प्रत्येकाचं घातलं, मग काढलं, मग रागवारागवी नको म्हणून परत घातलं. पहिला मसुदा चार पानांचा झाला. दुसरा सहा. त्या मुलीने तोवर बघून बघून शिकून घेतलं, हजर झाली, पुढे लग्न होऊन कोइंबतूरला गेली. भाची अजून विचारते, कारण आता तिच्या मुलीचे केस वाढायला लागले आहेत, आणि ते कसे निघाले हे सांगायची गरज नाही.

पाचवा मसुदा माझ्या टेबलाच्या खणात आहे. थेंब चार की पाच, तिथे जागा कोरी आहे. पोस्टाचं पाकीट आणलेलं आहे, त्यावर पत्ता लिहिलेला आहे. यादीत त्या कामापुढे टिक नाही.